वीस मिनिटांच्या पुढे लाल

एका टेबलातल्या काही आकड्यांना लाल रंग द्यायला मला साधारण चाळीस सेकंद लागले. त्या लाल रंगामुळे एका माणसाचं काम गेलं. त्याचं नाव मला माहीत नाही. माझ्या टेबलात तो एक्केचाळीस नंबरचा कोड होता.

मी पुण्यात एका आयटी कंपनीत बिझनेस इंटेलिजन्सचं काम करते. घरी कुणी विचारलं की 'एक्सेलचा मोठा भाऊ' असं सांगून सुटते. प्रत्यक्षात काम असं, की क्लायंटचा दहा ठिकाणी पडलेला डेटा गोळा करायचा, तांदूळ निवडतात तसा निवडायचा, एकमेकांना जोडायचा आणि शेवटी एका स्क्रीनवर असा मांडायचा की साहेबांचा सकाळचा चहा संपायच्या आत धंदा कसा चाललाय ते त्यांना कळावं. त्या स्क्रीनला डॅशबोर्ड म्हणतात. तांदळाच्या उपमेत एक घोळ आहे, पण त्यावर नंतर येते.

हा क्लायंट म्हणजे घरी येऊन रक्ताचे नमुने घेऊन जाणारी एक लॅब. त्यांची मागणी सरळ होती. सँपल घ्यायला जाणारी माणसं एकेका घरात किती वेळ घालवतात ते दिसायला हवं. बऱ्याच तपासण्या उपाशीपोटी करायच्या असल्याने खरी घाई सकाळी सहा ते दहा. त्या चार तासांत एक माणूस सात घरं करतो की दहा, यावर सगळं गणित. त्यांच्या अ‍ॅपमध्ये 'पोहोचलो' आणि 'झालं' अशी दोन बटणं होती. दोन्हींमधलं अंतर म्हणजे भेटीचा वेळ. प्रत्येकाची सरासरी काढा, उतरत्या क्रमाने लावा, मागे पडणारे ठळक दिसू द्या.

मी ते केलं, आणि नीट केलं. हे 'नीट' सांगणं गरजेचं आहे, कारण यात कुठेही चूक नव्हती, हाच तर सगळा प्रश्न आहे.

पॉवर बीआय शिकताना पहिल्या आठवड्यात एक गोष्ट मनावर ठसवली जाते: लागतील तेवढेच कॉलम आत घ्या. हे टूल आतून डेटा ओळींनी नाही, कॉलमनी साठवतं. ज्या कॉलममध्ये वेगवेगळ्या किमती जास्त, तो जड. सेकंदापर्यंतच्या वेळा, पत्ते, बिल नंबर हे सगळे वजनदार. नको ते काढले की फाइल हलकी होते आणि रिपोर्ट पटकन उघडतो. मी मला लागणारे सहा कॉलम निवडले, राइट क्लिक केलं आणि 'रिमूव्ह अदर कॉलम्स'वर टिचकी मारली. तीसेक कॉलम एका झटक्यात गेले. त्यात रुग्णाचं वय होतं.

मग सूत्र लिहिलं. एकूण मिनिटं भागिले एकूण भेटी. नवशिके रोजच्या सरासऱ्यांची सरासरी काढतात आणि फसतात. मी फसले नाही. 'झालं' दाबायचं राहून गेल्यामुळे ज्या भेटी पाच-पाच तास चालल्यासारख्या दिसत होत्या, त्या वगळल्या. या टूलची गंमत अशी की सूत्र एकदाच लिहायचं, मग ते ज्या ओळीत बसेल त्या ओळीपुरतं स्वतःला पुन्हा सोडवतं. माणसाच्या ओळीत माणसाची सरासरी, महिन्याच्या ओळीत महिन्याची. विचारलं तेवढ्याचं अचूक उत्तर. न विचारलेल्याचं एक अक्षर नाही.

शेवटी रंग. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एक आकडा द्यावा लागतो, ज्याच्या पुढे लाल. मी अठरा टाकून पाहिला, तर जवळपास अर्धं टेबल लालभडक झालं. पंचवीस टाकला, तर एकच ओळ लाल, आणि ते उगाच कुणावर तरी बोट ठेवल्यासारखं वाटलं. वीसला पाच ओळी लाल होत होत्या. डोळ्यांना बरं दिसत होतं. वीस ठेवला.

वीस मिनिटं हा आकडा कुठून आला, हे मला कुणीही, कधीही विचारलं नाही. पुढच्या मीटिंगपासून लोक 'वीस मिनिटांचं टार्गेट' असंच म्हणायला लागले.

जानेवारीत रिपोर्ट सुरू झाला. एप्रिलपर्यंत सगळ्यांची सरासरी खाली आली होती. तिमाही मीटिंगमध्ये मी तो उतरता आलेख दाखवला आणि कौतुक झालं. खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

जुलैत आजी काही दिवस आमच्याकडे राहायला आली. तिच्या तपासण्या करायच्या होत्या म्हणून दुसऱ्याच एका लॅबचा माणूस सकाळी पावणेसातला घरी बोलावला. आजी ब्याऐंशी वर्षांची. कातडी कागदासारखी, शिरा दिसतात पण सुई लागली की सरकतात. त्याने उजव्या दंडाला रबर बांधलं, बोटाने चाचपलं, सोडलं. डावा बघितला. "आजी, सकाळपासून पाणी प्यायलात का?" आजी म्हणाली, उपाशी यायचं म्हणाले म्हणून थेंबभरही नाही घेतलं. तो म्हणाला, "पाणी चालतं आजी. एक ग्लास घ्या, मी थांबतो." मग माझ्याकडे वळून, "ताई, एखादा नॅपकिन गरम पाण्यात बुडवून पिळून द्याल का?"

तो नॅपकिन त्याने आजीच्या कोपरावर धरून ठेवला. तेवढ्या वेळात आजीने त्याला गाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं, आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सविस्तर सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याचा मोबाइल पलंगावर उताणा पडला होता आणि स्क्रीनवर घड्याळ पळत होतं. त्याने दोनदा तिकडे पाहिलं. आजीला कळू न देता पाहिलं. मला कळलं, कारण असल्या घड्याळाच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते मला माहीत होतं.

सुई एकाच खेपेत लागली. तो निघाला तेव्हा मी वेळ पाहिली. सत्तावीस मिनिटं.

वीसच्या पुढे सात.

त्या दिवशी ऑफिसला जाऊन मी जुनी फाइल उघडली. पॉवर क्वेरीमध्ये उजव्या बाजूला एक यादी असते, 'अप्लाइड स्टेप्स'. डेटावर तुम्ही आजवर जे जे केलं ते क्रमाने तिथे लिहिलेलं असतं. आपण विसरतो, ती यादी विसरत नाही. चौथी पायरी: रिमूव्ह्ड अदर कॉलम्स. मी तिथे जाऊन वयाचा कॉलम परत आत घेतला, तीन गट पाडले, साठच्या आतले, साठ ते पंचाहत्तर, पंचाहत्तरच्या पुढचे, आणि तेच सूत्र, एक अक्षर न बदलता, या गटांवर टाकलं.

कोड एक्केचाळीस. सगळ्यांत तळाची ओळ, तीन महिने सलग लाल. साठच्या आतल्या रुग्णांकडे तो इतरांपेक्षा किंचित वेगवान होता. मधल्या गटात बरोबरीने. पंचाहत्तरच्या पुढच्यांत सगळ्यांत वेगवान चौघांपैकी एक. फक्त त्याच्या निम्म्याहून जास्त भेटी या शेवटच्या गटातल्या होत्या. बाकी बहुतेकांच्या वाट्याला असे रुग्ण दहात एखादा.

प्रत्येक गटात चांगला, आणि एकूणात सगळ्यांत वाईट. दोन्ही आकडे खरे.

ही भानगड संख्याशास्त्रात जुनी आहे. एडवर्ड सिम्पसनने १९५१ साली त्यावर निबंध लिहिला म्हणून तिला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. मला इंजिनीअरिंगला परीक्षेत आला होता, पाच मार्कांना. सगळ्यांत गाजलेलं उदाहरण मुतखड्याचं आहे. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ रुग्णांत यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. छोट्या छिद्रातून खडा काढायची नवी पद्धत ३५० पैकी २८९ जणांत, ८३ टक्के. नवी पद्धत चांगली, विषय संपला. पण खड्याच्या आकारानुसार वेगळं पाहिलं तर लहान खड्यांत जुनी पद्धत ९३ टक्के आणि नवी ८७. मोठ्या खड्यांत जुनी ७३, नवी ६९. दोन्हीकडे जुनीच पुढे. एकूणात ती मागे पडली कारण अवघड, मोठे खडे मुख्यतः तिच्याच वाट्याला आले होते. जिला अवघड काम दिलं, तीच आकड्यांत बदनाम झाली.

हे सगळं मला येत होतं. पाचपैकी पाच मार्क मिळालेही असतील.

मी क्लायंटकडच्या सुपरवायझरला फोन केला. कोड एक्केचाळीसला म्हातारे पेशंट जास्त का, असं विचारलं.

"अहो मॅडम, अवघड पेशंट आम्ही त्यालाच द्यायचो. हात हलका होता त्याचा. घरचे लोक फोन करून सांगायचे, मागच्या वेळचाच माणूस पाठवा म्हणून."

"द्यायचो म्हणजे?"

"तो एप्रिलमध्ये गेला ना. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. तीन महिने लाल होता तो." जरा थांबून तेच म्हणाले, "पण मॅडम, तुमचा रिपोर्ट चांगला आहे हां. आता सगळे वेळेत बसतात. दंडाला रबर बांधून झाल्यावरच 'पोहोचलो' दाबतात बेटे."

म्हणजे मी टाळ्या घेतल्या त्या उतरत्या आलेखात निदान थोडा उतार बटण उशिरा दाबण्याचा होता. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल लिहिताना हाच इशारा दिला होता, आज तो सगळ्या क्षेत्रांत वापरतात: मोजमाप हेच ध्येय झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. एक्केचाळीस नंबरचा माणूस बहुधा घरात शिरल्याबरोबर बटण दाबत होता. प्रामाणिकपणाही त्याच्या सरासरीत मिनिटं वाढवत होता.

त्या फोननंतर मी स्वतःला दिलेली उत्तरं इथे लिहिते. ती सगळी तुमच्याही ओळखीची असतील.

पहिलं, मी फक्त डेटा दाखवला. दुसरं, निर्णय त्यांनी घेतला. तिसरं, मागितलं होतं ते दिलं. चौथं, वयाचा कॉलम काढणं ही चांगली पद्धत आहे, पुस्तकात लिहिलेली.

चौथं उत्तर आधी निकालात काढते, कारण ते अर्धं खोटं आहे. वयाचा कॉलम जड नव्हताच. वयं जास्तीत जास्त शंभर प्रकारची. तो कॉलम ठेवला असता तर फाइलला काही जाणवलंही नसतं. मी तो वजनामुळे काढला नाही. कुणी मागितला नव्हता म्हणून काढला. आणि खरं सांगायचं तर 'काढला' हे क्रियापदही जास्तच होतं. मी सहा ठेवले. बाकीचे काय होते ते वाचलंसुद्धा नाही. तांदूळ निवडताना खडा कोणता हे दिसतं. इथे मी हव्या त्या सहा गोष्टी उचलल्या आणि उरलेलं ताट खडे समजून उपडं केलं.

'फक्त डेटा दाखवला' या उत्तराशी मात्र मी बरेच दिवस झगडले. मी खोटं बोलले नव्हते. टेबलातला एकही आकडा चूक नव्हता. मला सारखा आठवायचा तो धर्मराज. द्रोणांना त्याने सांगितलेलं वाक्यही खरंच होतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. फक्त वाक्याचा शेवट ऐकू येणार नाही अशी व्यवस्था झाली. त्यानंतर त्याचा जमिनीच्या चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. अर्ध्या सत्याला आपल्याकडे माफी नाही.

पण धर्मराजाला आपण काय गिळतोय ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मग माझा गुन्हा कमी का? सुरुवातीला मला तसंच वाटलं. नंतर उलट वाटायला लागलं. त्याने निदान मन मारून ते वाक्य उच्चारलं, ओठ जड झाले असतील. मी गिळलं तेव्हा मला चवही लागली नाही. रोज सकाळी सहाच्या रिफ्रेशला माझा रिपोर्ट तेच अर्धं वाक्य पुन्हा बोलत होता आणि मी झोपलेली असायचे.

यावर एक सोपा उपाय लगेच सुचतो: सगळे कॉलम ठेवा, काहीच टाकू नका. तो मला मान्य नाही. रुग्णांची वयं, पत्ते, कुणाला कोणती तपासणी सांगितली आहे, हे माझ्या लॅपटॉपवर असायचं कारणच काय? गरजेपुरताच डेटा घ्या हे तत्त्व आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे, आणि आजीच्या तपासण्यांच्या बाबतीत मला ते हवंच आहे. शिवाय सगळं दाखवणारा रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट नव्हेच, ती गोदामाची खोली. काहीतरी टाकावंच लागतं. टाकणं हेच माझं काम आहे, पगार त्याचाच मिळतो.

मग चुकलं कुठे? वीसच्या आकड्यात? वयाच्या कॉलमात? उद्या मी वय घेतलं तर आणखी काही राहील. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरचं घर कुठल्या कॉलममध्ये येतं? दार उघडायला वेळ लावणारे लोक? गुडघ्यांबद्दल बोलणारी आजी? अवघड पेशंट कुणाला द्यायचा हे सुपरवायझर फोनवर ठरवत होते, ते तर कुठल्याच डेटाबेसमध्ये नव्हतं.

डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा एक प्रयोग आहे, तो आपल्या व्याख्यानांत श्रोत्यांपैकी काहींना वर बोलावून करायचा. एका पेटीत पांढरे मणी आणि पाचात एक लाल मणी. 'कामगारांनी' पन्नास खळग्यांची फळी त्यात बुडवून काढायची. लाल मणी म्हणजे खराब माल. डेमिंग मुकादम होऊन कमी लाल मणी आणणाऱ्याची पाठ थोपटायचा, जास्त आणणाऱ्याला झापायचा, शेवटी कामावरून काढायचा. प्रेक्षक हसायचे, कारण फळीत किती लाल येतात त्यात कामगाराचा काहीच हात नाही हे सगळ्यांना दिसत असायचं.

तिथे हसू येतं कारण पेटी समोर असते. डॅशबोर्डवर फक्त फळी दिसते.

आणि पेटीत काय आहे हे ज्याला माहीत असतं तो डॅशबोर्डसमोर नसतो. हे मला सगळ्यांत उशिरा सुचलं, आणि ते तात्त्विक वगैरे काही नाही, लायसन्सचा मामला आहे. पॉवर बीआयचा रिपोर्ट बघायचा तर साधारणपणे बघणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स लागतं, दरमहा माणशी पैसे. क्लायंटने सहा घेतली होती. सगळी साहेबांची. ज्यांच्याबद्दल रिपोर्ट होता त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हतं. टूलमध्ये सोय आहे, रो लेव्हल सिक्युरिटी म्हणतात, ज्याला त्याला त्याच्यापुरतीच ओळ दाखवता येते. मी ती वापरली होती; झोनच्या मॅनेजरला दुसऱ्या झोनचे आकडे दिसू नयेत म्हणून.

एक्केचाळीस नंबरला त्याची लाल ओळ एकदा जरी दिसली असती, तरी तो काय म्हणाला असता ते मला तंतोतंत सांगता येईल. म्हणाला असता, मॅडम, माझे पेशंट बघा ना. अर्ध्या मिनिटाचं वाक्य. त्यासाठी सिम्पसन लागत नाही.

म्हणून आता माझा राग वीसच्या आकड्यावर नाही. कुठला तरी आकडा असणारच, आणि तो कधी ना कधी चुकणार. पण ज्या माणसाबद्दल आकडा आहे त्याला तो दिसत नसेल, त्यावर बोलायची जागा नसेल, तर आकडा बरोबर असून उपयोग नाही. आणि ती जागा ठेवायची आठवण करून देणं माझं काम होतं, कारण त्या साखळीत ओळ कशी बनते आणि तिच्यातून काय गळतं हे फक्त मलाच ठाऊक होतं. साहेबांना ते कळायचा मार्ग नव्हता. त्यांनी माझ्या लाल रंगावर विश्वास ठेवला. मीही दारावरचा लाल दिवा पाहून थांबतेच की.

मी नवा रिपोर्ट दिला. नेमकं वय न घेता फक्त वयोगट, तो सुद्धा लॅबच्या बाजूनेच पाडून आलेला. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे दोन-चार फार लांबलेल्या भेटींनी ओळ बिघडणार नाही. लाल काढला. दर सोमवारी प्रत्येकाला त्याच्या अ‍ॅपवर त्याची ओळ जावी आणि खाली दोन शब्द लिहायला जागा असावी, असंही सुचवलं. पहिल्या गोष्टी मान्य झाल्या. लाल परत मागितला गेला. आता तो वयोगटाप्रमाणे वेगवेगळ्या आकड्यावर लागतो. सोमवारची ओळ 'विचाराधीन' आहे. एक्केचाळीस नंबरबद्दल मी सगळं आकड्यांसकट लिहून मेल केला. 'नोंद घेतली, धन्यवाद' असं उत्तर आलं. त्याचा नंबर मिळेल का असं मी सुपरवायझरांना विचारलं, तर ते म्हणाले, कशाला मॅडम, आता तो दुसरीकडे लागला असेल. असेलही. मला ते ऐकून हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा राग आला.

एक गोष्ट मात्र मी न विचारता केली. पॉवर बीआयमध्ये ज्या ओळीत या कालावधीचा काहीच आकडा नाही ती ओळ आपोआप टेबलातून गळते. म्हणजे माणूस कामावरून गेला की काही दिवसांनी स्क्रीनवरूनही जातो, कुणी काही न करता. 'शो आयटम्स विथ नो डेटा' असा एक पर्याय असतो, तो सहसा बंदच असतो. मी तो चालू केला. आता चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये एक ओळ दिसते. कोड आहे, पुढचे रकाने रिकामे.

परवा क्लायंटचा मेल आला. रिपोर्ट छान आहे, फक्त मधेच एक ब्लँक ओळ दिसते आहे, ती काही एरर आहे का, काढता येईल का.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.